वायफाय रुसलं म्हणून लॅपटॉप मोडीत काढू नका



या आठवड्यात लिंबाच्या लोणच्याला बुरशी का येते यावर लिहायचं ठरवलं होतं. ते आता पुढच्या खेपेला. कारण मध्येच सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आणि ते वाचून लोणच्याची बरणी बाजूलाच ठेवावी लागली.

या ताई दहावीच्या सात मुलांना संस्कृत शिकवतात. संध्याकाळी सात ते आठ, घरबसल्या, लॅपटॉपवरून. मुलं आजूबाजूच्या वाड्यांवरची आहेत आणि त्यांतल्या चार मुली. अंधार पडल्यावर एसटीने येणं-जाणं त्यांच्या घरी कोण चालवून घेणार? महिन्याला साडेतीन हजार रुपये सुटतात आणि त्यात सासूबाईंची औषधं भागतात. लॅपटॉप नऊ वर्षांचा, यजमानांच्या ऑफिसातून स्वस्तात मिळालेला. त्यावरच्या विंडोज १० ची नेहमीची मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली आणि नवीन विंडोज त्या यंत्राला झेपेना. म्हणून भाच्याने त्यावर ‘लिनक्स मिंट’ घालून दिलं. भाचा पुण्याला परत गेला मात्र, लॅपटॉपला वायफाय दिसेना. दुकानदाराने दोन मिनिटं बघून ‘आतलं कार्ड गेलं, साडेचार हजार होतील’ म्हणून सांगितलं. यजमान म्हणाले, भंगारात दे आणि शिकवण्या बंद कर, तशीही तुझी ओढाताणच होते. ‘बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर विभक्तीचे तक्ते कसे दाखवू?’ असं ताई विचारतात.

पण त्याच पत्रात त्यांनी अगदी सहज एक वाक्य लिहिलं आहे : ‘भाचा होता तेव्हा त्याने फोनची वायर लावली होती, तेव्हा सगळं झकास चालत होतं.’ झालं! माझं निम्मं काम या वाक्याने केलं. कसं, ते पुढे सांगते.

आधी लिनक्सविषयी थोडं, कारण दुकानांतून त्याच्याबद्दल उगाच भीती घातली जाते. विंडोजसारखीच संगणक चालवणारी ही प्रणाली. फिनलंडमधल्या लायनस टॉरव्हॉल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिची सुरुवात केली आणि पुढे जगभरच्या लोकांनी ती वाढवली. मिंट, उबुंटू ही त्याच घराण्यातली भावंडं. पैसे पडत नाहीत आणि जुन्या यंत्रावरही हलकी चालते. आमच्या शाळेच्या संगणक कक्षात हीच आहे. मी बी.ए. मराठी, विज्ञानाशी दहावीनंतर फारकत. पण अर्धवेळ शिक्षिकेच्या गळ्यात किल्ल्यांचा जुडगा पडतो, तशी ही यंत्रंही पडली आणि हळूहळू अंगवळणीही पडली.

तर वायफाय चालेना की पहिल्यांदा लॅपटॉपला हात लावायचा नाही. घरातल्या फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि फोन वायफायवर चालतो का ते पाहा. फोनही चालत नसेल तर दोष राउटरचा किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनचा. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू करा, नाहीतर लाइनवाल्याला फोन करा. आमच्या शेजारी एकींनी लॅपटॉप तालुक्याला नेऊन आणला आणि शेवटी निघालं काय, तर आधीच्या महिन्याचं बिल भरायचं राहिलं होतं!

फोन चालतो, लॅपटॉप नाही, असं असेल तरच पुढे जा.

मिक्सरच्या बुडाशी एक लाल बटण असतं, माहीत आहे ना? जास्त भार पडला की ते उडतं आणि मिक्सर गेला असं वाटतं. लॅपटॉपच्या वायफायलाही तसलाच खटका आहे, किंबहुना दोन आहेत. एक हाताने लावायचा. काही जुन्या लॅपटॉपना पुढच्या किंवा बाजूच्या कडेला सरकणारं बटण असतं, बाकीच्यांना वरच्या ओळीतल्या एखाद्या कळीवर डासाच्या काठीसारख्या अँटेनाचं किंवा विमानाचं चित्र असतं. ती कळ कधी नुसती, कधी एफएन कळीबरोबर दाबायची. पुसताना फडक्याने दाबली जाते, पोरं खेळताना दाबतात. दुसरा खटका प्रणालीच्या आतला, दिसत नाही असा.

दोन्ही एकदम तपासायला ‘टर्मिनल’ नावाची काळी खिडकी उघडायची. कंट्रोल, ऑल्ट आणि टी या तीन कळा एकदम दाबल्या की मिंट आणि उबुंटूत ती उघडते. तिला बघून दचकू नका. मनिऑर्डरचा फॉर्म भरण्याइतकंच ते काम आहे, अक्षर चुकलं नाही म्हणजे झालं. आज्ञा इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. मी इथे अक्षरं फोडून सांगते. पहिली आज्ञा : आर-एफ-के-आय-एल-एल सलग, मग एक जागा सोडून ‘लिस्ट’, मग एंटर. उत्तरात ‘वायरलेस लॅन’ अशी ओळ शोधा. तिच्याखाली ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ आणि ‘हार्ड ब्लॉक्ड’ असे दोन शब्द असतील आणि पुढे येस किंवा नो. हार्डपुढे येस असेल तर बाहेरचा खटका बंद आहे, तो हातानेच लावायचा, टाइप करून सुटणार नाही. सॉफ्टपुढे येस असेल तर ही आज्ञा : एस-यू-डी-ओ, जागा, आरएफकिल, जागा, ‘अनब्लॉक’, जागा, ‘वायफाय’ (मधे रेघ न घालता डब्ल्यू-आय-एफ-आय). पासवर्ड विचारील. तो टाइप करताना पडद्यावर काही उमटलं नाही, तरी त्याचा घोर नको. निमूट टाइप करा आणि एंटर दाबा.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदत असतील तर आणखी एक गंमत होते. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ म्हणून सोय असते. तिच्यामुळे विंडोज बंद केलं तरी पुरतं बंद होत नाही, डोळे मिटून पडून राहतं आणि कधीकधी वायफाय कार्डही तसंच अडकवून ठेवतं. विंडोजच्या पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती सोय काढून टाका. सवत गेली की घर चालतं!

आता ताईंच्या लॅपटॉपकडे. त्यांच्याकडे आरएफकिलने वायरलेस लॅनची ओळच दाखवली नाही. म्हणजे खटका बंद नाही, प्रणालीच्या लेखी वायफाय नावाची वस्तूच घरात नाही. मग मी त्यांना दुसरी आज्ञा कळवली : एल-एस-पी-सी-आय, जागा, आडवी छोटी रेघ आणि तिला चिकटून एन-एन-के. लॅपटॉपच्या पोटात काय काय बसवलं आहे त्याची ही यादी. लांबलचक येते. तिच्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ अशी ओळ शोधायची. ताईंना ती सापडली आणि पुढे नाव होतं ‘ब्रॉडकॉम’. कार्ड खरोखरच मेलं असतं तर बहुतेक वेळा त्याचं नावही यादीत आलं नसतं. मात्र त्या नावाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ यायला हवी, ती नव्हती. दारात गाडी उभी आहे, पण चालवणारा नाही, असा हा प्रकार. आणि संगणकाच्या भाषेतही त्या चालवणाऱ्याला ड्रायव्हरच म्हणतात.

असं का होतं? इंटेलच्या किंवा अथेरॉसच्या कार्डांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये बहुधा आधीपासून असतात. पण ब्रॉडकॉमच्या कितीतरी जुन्या कार्डांचा ड्रायव्हर कंपनीने पूर्णपणे खुला केलेला नाही, तो मागाहून वेगळा घालावा लागतो. भाच्याने सगळं काम फोनची वायर लावून केलं, त्यामुळे वायफायचा ड्रायव्हर घालायचा राहिला हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. बिचारा घाईत होता. दुकानदाराची मात्र मला कीव करवत नाही. एक आज्ञा टाइप न करता साडेचार हजार मागायचे म्हणजे काय!

आता पेच असा, की ड्रायव्हर उतरवून घ्यायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा. विहिरीत उतरायचा दोर विहिरीतच पडलेला. त्यावरचा उपाय म्हणजे भाच्याचीच वायर. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्स त्याला तारेचं इंटरनेट समजतं आणि बहुतेक वेळा काही न मागता जोडून घेतं. वायर मात्र चांगली हवी. काही स्वस्त वायरी नुसती वीज नेतात, माहिती नेत नाहीत. तशी वायर असेल तर टेदरिंगचं बटण दबतच नाही.

मग मिंटच्या मेन्यूत ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडायचा. उबुंटूत त्याला ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ म्हणतात. तो थोडा वेळ शोधतो आणि ब्रॉडकॉमचं नाव असलेली ओळ दाखवतो. ती निवडायची, ‘अप्लाय’ म्हणायचं आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत थांबायचं. मग लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू.

इथे एक जागा अशी आहे की तिथे पुष्कळजणी घाबरून मागे फिरतात. ती नीट वाचा. नवीनशा लॅपटॉपांत ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारेकरी असतो. तो ओळखीच्या सहीशिवाय कोणाला आत घेत नाही आणि हा बाहेरून आणलेला ड्रायव्हर त्याच्या ओळखीचा नसतो. म्हणून ड्रायव्हर घालताना तुम्हाला एक नवा पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला की एकदम निळा पडदा येतो आणि त्यावर इंग्रजीत ‘एमओके’ व्यवस्थापनाबद्दल काहीतरी लिहिलेलं असतं. यंत्र बिघडलं असं वाटून आपण बंद करतो, किंवा नुसत्या पाहत बसतो आणि थोड्या सेकंदांत तो पडदा निघून जातो. मग ड्रायव्हर घातलेला असूनही चालत नाही. तसं करू नका. पडदा आला की लगेच एखादी कळ दाबा, बाणाच्या कळीने ‘एनरोल एमओके’वर जा, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, मग मघाचा कागदावरचा पासवर्ड, मग ‘रीबूट’. पडदा हुकला असेल तर ड्रायव्हर काढून पुन्हा घालावा, म्हणजे पासवर्ड पुन्हा विचारतात.

ताईंनी हे सगळं एका दुपारी, सासूबाई झोपल्यावर, एकटीने केलं. निळा पडदाही आला होता. संध्याकाळी सातला तास झाला आणि त्यात ‘राम’ शब्द आठही विभक्तींत चालवून झाला, असं त्यांनी कळवलं आहे. भंगाराचा विषय यजमानांनी पुन्हा काढला नाही म्हणे.

यानिमित्ताने पेटीतली तशीच जुनी पत्रंही हाताळली. काहीजणींची तक्रार अशी, की वायफाय जोडलेलं दिसतं, पण एकही पान उघडत नाही. इथे कार्ड, ड्रायव्हर, खटका सगळं ठीक आहे, अडलंय पुढे. टर्मिनलमध्ये ‘पिंग’ (पी-आय-एन-जी), जागा, आडवी रेघ व सी, जागा, ४, जागा आणि मग ८.८.८.८ असं टाइप करा. हा गूगलच्या एका संगणकाचा पत्ता आहे. चार ओळींचं उत्तर आलं, पण त्याच पद्धतीने आकड्यांऐवजी एखाद्या संकेतस्थळाचं नाव दिल्यावर काहीच येत नसेल, तर रस्ता चांगला आहे, पत्त्यांची वही हरवली आहे. या वहीला ‘डीएनएस’ म्हणतात. वायफायच्या नावापुढच्या दातेरी चाकावर टिचकी मारा, ‘आयपीव्ही४’मध्ये जा, डीएनएसपुढचं ‘ऑटोमॅटिक’ बंद करा आणि तिथे तेच चार आठ लिहून जपून ठेवा. वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं की लागू होतं. आकड्यांनाही उत्तर येत नसेल तर मात्र राउटर किंवा लाइन.

आणि लॅपटॉपची तारीखही बघा हो! जुन्या लॅपटॉपातला बटणासारखा छोटा सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. एरवी इंटरनेट मिळताच लिनक्स वेळ दुरुस्त करून घेतं, पण ती आपोआप लावण्याची सोय बंद असेल तर तारीख चुकलेलीच राहते. मग बँकेची, शाळेची पानं ‘हे सुरक्षित नाही’ म्हणून उघडायचं नाकारतात, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते आणि तुमच्या तारखेच्या हिशेबाने ती अजून सुरूच झालेली नसते. तारीख ठीक करा, सोय चालू करा, सेल दुकानातून बदलून घ्या. काही लॅपटॉपांत तो वायरीसकट येतो, म्हणून घरी सुरी घालू नका.

दुसरी तक्रार, घरात नवा राउटर आला आणि लॅपटॉपला तोच दिसत नाही, शेजाऱ्यांचे मात्र सगळे दिसतात. नवे राउटर दोन लहरींवर बोलतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. जुन्या कार्डांपैकी पुष्कळांना ५ ऐकूच येत नाही. बसवणाऱ्या मुलाला सांगून २.४ चालू करून घ्या आणि त्याला वेगळं नाव द्या. तेही करून दिसत नसेल तर राउटर १२ किंवा १३ क्रमांकाच्या चॅनलवर आहे का विचारा. आपल्याकडे ते चॅनल चालतात, पण अमेरिकेच्या नियमांवर लावलेली कार्डं त्यांकडे बघत नाहीत. १, ६ किंवा ११ वर आणलं की झालं. नाव दिसतं पण पासवर्ड बरोबर देऊनही पुन्हा पुन्हा विचारतो, असं असेल तर राउटरची सुरक्षा नुसती ‘डब्ल्यूपीए३’वर आहे का पाहा. जुन्या कार्डांना ती भाषा येत नाही, ‘डब्ल्यूपीए२’ आणि ३ अशी मिश्र ठेवावी. पण सुरक्षा काढून टाकून उघडं वायफाय मात्र ठेवू नका. दाराला कडी लागत नाही म्हणून कोणी दार काढून टाकत नाही.

जोडलेलं मधूनच तुटतं, ही तिसरी. २.४ च्या लहरी भिंतीतून बऱ्या जातात, ५ च्या लवकर थकतात, तेव्हा आधी राउटरच्या जवळ बसून पाहा. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू झाला की तुटतं का, तेही पाहा, कारण तोही २.४ च्याच आसपास काम करतो. जवळ बसूनही तुटत असेल तर वीज वाचवण्याची सोय काढून बघावी. मिंटमध्ये फाइलींच्या खिडकीतून ‘ईटीसी’ या फोल्डरात जा, तिथून ‘नेटवर्कमॅनेजर’, त्यात ‘कॉन्फ डॉट डी’. मोकळ्या जागी उजवी टिचकी मारून ‘ओपन अ‍ॅज रूट’ म्हणा आणि नावात ‘वायफाय-पॉवरसेव्ह’ असलेली फाइल उघडा. ‘वायफाय डॉट पॉवरसेव्ह’पुढे ३ असेल, त्याचे २ करा, जपा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. तीन म्हणजे बचत चालू, दोन म्हणजे बंद. बाकी कशालाही हात लावू नका, त्या फोल्डरात आपलं दुसरं काही काम नाही.

इतकं करून कार्ड खरंच गेलेलं निघालं, तरी लॅपटॉप मोडीत काढायचं कारण नाही. यूएसबीच्या खाचेत बसणारा अंगठ्याएवढा वायफायचा तुकडा मिळतो, त्याला डोंगल म्हणतात. पण डबीवरचं कंपनीचं नाव बघून घेऊ नका, आत चिप कोणती ते विचारा. एकाच नावाच्या डोंगलमध्ये मागाहून चिप बदललेली असते. अथेरॉसची एआर९२७१, मीडियाटेकची एमटी७६१०यू किंवा एमटी७६१२यू या चिपांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतात, लावला की चालतो. डबीवर फक्त विंडोजचं नाव असेल आणि दुकानदाराला चिप सांगता येत नसेल, तर ‘चालला नाही तर परत घ्याल ना?’ हे पावतीवर लिहून घ्या. लाजू नका. साडी घेताना आपण रंग जाईल का म्हणून चारदा विचारतोच की!

आणखी कोणाचं अडलं असेल तर जरूर लिहा, मात्र ‘वायफाय चालत नाही’ एवढंच लिहून भागत नाही. लॅपटॉपच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावरचं मॉडेलचं नाव, लिनक्स कोणतं आणि कितवं, आरएफकिलचं पूर्ण उत्तर आणि दुसऱ्या आज्ञेतली नेटवर्क कंट्रोलरची ओळ तिच्याखालच्या दोन-तीन ओळींसकट उतरवून पाठवा. चौकोनी कंसात चार-चार अक्षरांची एक जोडी असते, ती तर नक्की हवी, कारण कार्डाची खरी ओळख तीच. आणि बिघाडाच्या आधी घरात काय बदललं, कोण येऊन काय करून गेलं, तेही लिहा, किरकोळ वाटलं तरी.